सतरा : एका नावाच्या दोघी

लाहीने ते पान तिसऱ्यांदा वाचलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

चरित्रकोशाच्या दुसऱ्या खंडाचं कच्चं पान होतं ते, तपासून परत पाठवण्यासाठी आलेलं. जेवणं उरकली होती, ताटं अजून टेबलावरच होती, आणि ते पान एकेकाच्या हातातून फिरत सगळ्यात शेवटी तिच्यापर्यंत पोचलं होतं. शेवटी का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी जरा आच लागली की ती ताडकन फुटायची, म्हणून घरात तिला लाही म्हणायला लागले. आता चाळिशी ओलांडली, डोक्यात पांढरे केस आले, पण फुटण्यात काही खंड पडला नव्हता.

पानावर तिच्या पणजीचं नाव दोनदा होतं. ठळक अक्षरांत, नाव आणि आडनाव, पुढे कंसात आकडे. आकडा एकची बाई ही नव्वद वर्षांपूर्वी वारलेली नाटकातली नटी. तिचा या घराशी काडीचाही संबंध नव्हता, योगायोगाने नाव तेवढं जुळलेलं. आकडा दोन म्हणजे धाकटी आत्या. तिच्या डोंगरांवर अकरा ओळी होत्या, आणि त्या लाहीला मान्य होत्या. खरंच चढली होती बाई. पण बारावी ओळ म्हणत होती, "गिर्यारोहणाबरोबरच त्यांनी अंधांसाठी बोटांनी वाचता येणारे नकाशे तयार करण्याचे मोलाचे कार्य आयुष्यभर केले. स्वतः सर केलेल्या शिखराची पूर्व धार अशा नकाशात दाखवणाऱ्या त्या पहिल्याच."

"आयुष्यभर," लाही म्हणाली. "हे आयुष्य कोणाचं हो, वकीलकाका?"

वकीलकाका म्हणजे धाकटीचे सख्खे भाऊ. कोर्ट सोडून सहा वर्षं झाली होती, तरी अजून ते प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर द्यायचे. "तुला नेमका आक्षेप कशावर आहे?"

"नेमका? बाराव्या ओळीवर. नकाशे माझ्या थोरल्या आत्याने केले. त्या मागच्या खोलीत बसून केले. मी तिच्याशेजारी एकोणीस वर्षं बसतेय, मला माहीत नाही होय?"

"अगं, हळू," लाहीची आई म्हणाली. "वन्सं इथेच बसल्यात."

वन्सं म्हणजे थोरली आत्या. ती खरोखरच तिथेच बसली होती, खिडकीकडच्या खुर्चीत, आणि टेबलावर सांडलेलं पाणी फडक्याने टिपत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. सगळं बोलणं तिच्यावरून चाललं होतं आणि ती पाणी टिपत होती. लाहीला तिचाही राग आला.

या नावाचा घोळ घरानेच घातलेला होता. दोन भाऊ, दोघांच्या घरी अकरा दिवसांच्या अंतराने मुलगी झाली, आणि आईचं नाव मुलीला आपणच ठेवणार म्हणून दोघेही अडून बसले. कोणीच माघार घेतली नाही. शेवटी दोघींनाही तेच नाव पडलं. एक हाक मारली की दोघी येतील, असं म्हणे तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात एक हाक मारली की एकही यायची नाही, कारण जिला तिला वाटायचं दुसरीला बोलावतायत. मग घरात थोरली आणि धाकटी असं झालं. बाहेर मात्र नावही एक आणि आडनावही एक. लग्न दोघींनी केलं नाही, त्यामुळे तीही वाट बंद झाली.

पत्रं इकडची तिकडे जात. धाकटीची गौरवपत्रं थोरलीकडे आली की ती नवं पाकीट करून, पत्ता घालून पाठवून द्यायची. थोरलीची पत्रं धाकटीकडे गेली तर त्यांचं काय व्हायचं, हे कोणी कधी विचारलं नव्हतं.

"हे बघ लाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज सभेतला होता, लांबवर ऐकू जाणारा. "कोशवाल्यांनी जे लिहिलं ते लिहिलं. मी काही त्यांना जाऊन सांगितलं नाही की नकाशे माझे म्हणून."

"मग कोणी सांगितलं?"

यावर टेबलावरच्या नजरा हळूहळू एका खुर्चीकडे वळल्या. त्या खुर्चीत लाहीचे बाबा होते. थोरलीचे सख्खे धाकटे भाऊ. घरातले सगळे अर्ज, फॉर्म, तक्रारी आणि शोकसंदेश तेच लिहायचे, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं.

"बाबा?"

"फॉर्म एकच आला होता," बाबा म्हणाले.

"म्हणून तुम्ही दोन बायका एका फॉर्मात कोंबल्यात?"

"तू आधी ऐकून घे. वर नाव छापून आलेलं होतं. खाली जागा, 'या व्यक्तीचे कार्य'. मी कोशाच्या कचेरीत फोन केला. म्हटलं, या नावाच्या आमच्याकडे दोन व्यक्ती आहेत. तो माणूस म्हणाला, आम्हाला प्रसिद्ध असलेली हवी." बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसत बसले. "मग मी विचार केला. ताईला वेगळा फॉर्म मागितला तर देणार नाहीत. दिला तरी घेणार नाहीत. कोण ओळखतं तिला? तिने कधी कुठे भाषण केलं नाही, फोटो नाही, काही नाही. म्हटलं, नाव नाही तर नाही, काम तरी छापून येईल!"

थोरलीचा फडक्यावरचा हात थांबला.

"म्हणजे मी छापण्याजोगी नाही, हे तू आधीच ठरवून टाकलंस," ती म्हणाली. जेवायला बसल्यापासूनचं हे तिचं पहिलं वाक्य होतं.

"ताई, तसं नव्हे गं..."

"कसं, मग?"

लाहीला सकाळपर्यंत वाटत होतं की घरात दुसरं कोणी नसलं तरी बाबा आत्याच्या बाजूचे आहेत. आता तिला कळलं की बाजू घेणाऱ्यानेच बाजू विकली होती, तीही भल्यासाठी. भल्यासाठी केलेल्या गोष्टींची तिला भारी चीड होती, कारण त्यांच्यावर ओरडताही येत नाही.

"हे एवढं ताणण्यात अर्थ नाही," वकीलकाकांनी सूत्रं हातात घेतली. "मान कोणाला मिळाला? घराला मिळाला. नाव कोणाचं? आपल्या आजीचं. ताई, तू असं समज की ते नाव तुझंच आहे. वाचणाऱ्याला काय कळणार? उद्या एखाद्याने ते पान उघडलं आणि नकाशांचं वाचलं, तर नाव तुझंच वाचणार ना तो?"

"आणि त्याच नावाखाली फोटो धाकट्या आत्याचा," लाही म्हणाली. "दोरखंड खांद्यावर टाकलेला."

"फोटोने काय होतं?"

"काय होतं? पुढची आवृत्ती पंचवीस वर्षांनी निघते, काका. शाळा, संग्रहालयं, वर्तमानपत्रं, सगळे याच कोशातून उतरवून घेतात. आत्या आज चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. ही ओळ उद्या छापली गेली की ती छापलेलीच राहणार. आत्या मेली की नकाशे करणारी बाई कधी नव्हतीच, असं होणार. त्या नटीला स्वतंत्र आकडा मिळाला. कुठली कोण ती! आणि माझ्या आत्याला दुसरीच्या पोटात घातलीय."

"लाही, मेली काय म्हणतेस जेवणाच्या टेबलावर," आई म्हणाली. मग तिने धाकटीकडे जरा हसून बघितलं. आईच्या कचेरीत धाकटीचा फोटो भिंतीवर होता, आणि ही माझी नणंद हे वाक्य तिने तिथे बावीस वर्षं वापरलं होतं. "धाकट्या वन्संचंही बरोबर आहे. त्यांनी कुठे मागितलं?"

लाहीने पान पुन्हा जवळ ओढलं. तेव्हा तिला समासातली ती खूण दिसली. आधी दिसली नव्हती असं नाही, पण छापखान्याची असेल म्हणून तिने सोडून दिली होती. निळ्या शाईत, दहाव्या ओळीसमोर, शिखराच्या उंचीचा आकडा खोडून शेजारी दुसरा घातलेला. चौदा मीटरचा फरक होता. आणि ते अक्षर घरात सगळ्यांना ओळखीचं होतं, कारण तेच अक्षर पाहुण्यांच्या मुलांच्या वह्यांवर सही म्हणून मिरवत असे.

"हे पान तुमच्याकडे आधी आलं होतं," लाही म्हणाली. धाकटीला ती जन्मापासून अगंतुगं करत आली होती. आता ती तुम्हीवर आली, आणि ते टेबलावरच्या प्रत्येकाच्या ध्यानात आलं. "तुम्ही ते तपासलंत. उंची चुकली होती ती दुरुस्त केलीत. दहावी ओळ वाचलीत ना? मग अकरावी. मग बारावी. चौदा मीटर दिसले तुम्हाला, आणि अख्खी आत्या दिसली नाही?"

आईचं हसू मावळलं. तिने पान घेतलं, चष्म्याशी धरलं, निळी खूण बघितली आणि ते खाली ठेवलं. "हे मात्र खरं आहे हं," ती कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, आणि आपली खुर्ची उगाचच थोरलीच्या बाजूला सरकवून बसली.

धाकटी लाल झाली. पण ती काही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. ऐकून घेणारी असती तर त्या डोंगरावर पोचली नसती. "ती पूर्व धार मी सांगितली होती," ती म्हणाली. "विचार थोरलीला! मी उतरून आले, पायाची दोन बोटं गेली होती, दवाखान्यातून सुटले ती सरळ इथे आले. सर्वेक्षणाच्या नकाशात ती धारच नव्हती. मी पाहिली होती, माझ्या डोळ्यांनी. मी त्या मागच्या खोलीत बसले, थोरलीच्या टेबलावर, आणि पेन्सिलीने काढून दिली. म्हणजे मीही नकाशा केलाच की नाही? अगदीच काही खोटं नाही ते."

"काढून दिलीत?"

"हो."

"मग आत्ता काढून द्या."

लाही उठली. मागची खोली म्हणजे दहा पावलांवर. तिथे सगळं जागच्या जागी होतं, रबरी गादी, दातेरी चाकं, सरस, लाकडी मुठीच्या टोचण्या आणि जाड कागदांचा ढीग. तिने एक कागद, गादी आणि टोचणी उचलली आणि परत येऊन दोन ताटं बाजूला सारून ती धाकटीपुढे मांडली.

"कोर्टात याला प्रात्यक्षिक म्हणतात," वकीलकाका पुटपुटले. "आणि साक्षीदाराने नकार दिला तरी चालतो."

"मी कशाला नकार देऊ?" धाकटी म्हणाली. तिने टोचणी घेतली. हात भक्कम होता, पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईचा वाटणार नाही असा. तिने कागदाच्या मधोमध शिखराचा ठिपका टोचला, तिथून डावीकडे एक लांब धार, खाली घळ, आणि मग उजवीकडे, पूर्वेला, ती प्रसिद्ध धार. ठिपक्यामागे ठिपका, न थांबता. एकतीस वर्षांनंतरही तिला प्रत्येक वळण पाठ होतं. बघताना लाहीलासुद्धा क्षणभर कौतुक वाटलं, आणि त्याचाही तिला राग आला.

"घे," धाकटी म्हणाली. "पूर्व धार."

लाहीने कागद उलटा केला आणि तो थोरलीपुढे ठेवला. थोरलीने डोळे मिटले. ती कधी उघड्या डोळ्यांनी नकाशा तपासत नसे. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी केलेली वस्तू बघून तपासू नये, हे तिने लाहीला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. दोन्ही हातांची बोटं वर आलेल्या ठिपक्यांवरून एकदा सावकाश फिरली.

"पश्चिमेला गेली," ती म्हणाली.

"काय?" धाकटी म्हणाली.

"धार. पश्चिमेला गेलीय."

"अगं, उजवीकडे काढलीय मी! सगळ्यांनी बघितलंय!"

"मागून टोचलं की ठिपका पुढे उठतो, धाकटे. आपण कागदाच्या पाठीवर काम करतो. वाचणारा पोटावरून वाचतो. म्हणून इथे सगळं उलटं काढायचं असतं, उजवं ते डावं." थोरलीने डोळे उघडले. "आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात हे येतं."

वकीलकाकांनी कागद हातात घेतला, पुढून बघितला, मागून बघितला, आणि खाली ठेवला.

धाकटी मात्र कागदाकडे बघतच राहिली. उंचावर पाय कुठे टाकायचा याचा हिशोब करताना तिचा चेहरा असाच होत असणार. "थांब," ती म्हणाली. "तेव्हाही मी अशीच काढली होती."

"हो."

"तू विचारलं होतंस, उलटी काढलीस ना म्हणून. मी हो म्हटलं. मला वाटलं, तू... मला कळलंच नव्हतं तू काय विचारतेयस ते."

"मलाही नंतर कळलं, तुला कळलं नव्हतं ते."

"मग ते नकाशे?"

बोलले ते बाबा, आणि ते इतकं हळू बोलले की आईला कानाशी हात न्यावा लागला. "एकशे चाळीस होते. सगळे तयार झाले होते, दुसऱ्या दिवशी शाळांना जायचे होते. वर्तमानपत्रात तुझ्या चढाईचा फोटो आला, त्यात ताईला धार दिसली, आणि तेव्हा कळलं की सगळ्याच कागदांवर ती उलट्या अंगाला गेलीय. मी फाडायला मदत केली होती. अंगणात बसून आम्ही दोघांनी फाडले. मग ताईने चाळीस दिवसांत सगळे परत टोचले. एकटीने. उजव्या हाताचा अंगठा सुजून हा एवढा झाला होता."

"मला कोणी काही बोललं नाही," धाकटी म्हणाली.

"ताईने शपथ घातली होती."

लाहीला हे काहीही माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं त्या टेबलाशी बसून तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिने आत्याच्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं. तो पेरात वाकडा होता. तिला वाटायचं, वयाने झाला असेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यानेही तिचा संताप विझला नाही, उलट जास्तच भडकला.

"का सांगितलं नाहीस?" धाकटीने विचारलं. सभेतला आवाज गेला होता. "मी चुकले होते. मला सांगायचं होतंस."

"कसं सांगायचं? तू नुकतीच उतरली होतीस. पायाला पट्टी होती. रात्री झोपेत रडायचीस, बोटं दुखतात म्हणून, जी बोटं नव्हतीच." थोरलीने फडकं घडी करून ताटाशेजारी ठेवलं. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात असं काही आलं होतं की वकीलकाकाही ताठ बसले. "तुझ्याजवळ तेव्हा तो डोंगर सोडून दुसरं काही नव्हतं. त्या डोंगराची धारही तुला नीट सांगता आली नाही, हे मी तुझ्या तोंडावर बोलले असते तर तुझ्याजवळ काय उरलं असतं? म्हणून मी गप्प बसले. एकतीस वर्षं. तुझी पत्रं आली, पाठवली. तुझे सत्कार झाले, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. लोक मला विचारायचे, तुम्हीच का त्या डोंगरवाल्या? मी दर वेळी सांगितलं, नाही, ती माझी बहीण. प्रत्येक वेळी सांगितलं. तुला कितीदा विचारलं असेल कोणीतरी, तुम्हीच का त्या नकाशेवाल्या?"

धाकटीने पुढ्यातली टोचणी बाजूला सारली.

"सांग ना. कितीदा?"

"खूपदा," धाकटी म्हणाली.

"मग काय सांगायचीस?"

"हसायचे."

आईच्या तोंडून चक् असा आवाज निघाला. बाबा टेबलाकडे बघत होते. लाहीच्या जिभेवर दहा वाक्यं जमा झाली होती आणि ती एकही बोलली नाही, कारण आज पहिल्यांदाच आत्या स्वतःसाठी रागावली होती आणि तो राग तिचा एकटीचा होता.

"मी गप्प बसले ती तुझ्यासाठी," थोरली म्हणाली. "तू गप्प बसलीस ती कोणासाठी?"

या प्रश्नाला वकीलकाकांकडेही प्रतिप्रश्न नव्हता. त्यांनी एकदा घसा खाकरला, "ताई, आता झालं ते..." असं काहीतरी सुरू केलं, तेव्हा त्यांच्या सख्ख्या बहिणीनेच हात वर करून त्यांना थांबवलं. ज्या हाताने ती पायथ्याच्या गर्दीला निरोप देत असे तोच हा हात.

धाकटीने पान स्वतःकडे ओढलं. बारावी ओळ वाचली, तिच्याखाली बोट ठेवून पुन्हा वाचली. मग मान वर न करता म्हणाली, "थोरले, चुकले मी."

"मला कशाला सांगतेस," थोरली म्हणाली. "मला माहीतच आहे. समासात लिही."

धाकटीने खिशातून निळं पेन काढलं.